पोरांची पाटी आणि बाजाराची पावती

मराठीत ‘पाटी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पाटी अक्षरे गिरवण्याची आणि दुसरी डोक्यावर माल घेऊन बाजारात जाण्याची. आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या वाट्याला या दोन्ही पाट्या आल्या. सकाळी एक, तिसऱ्या प्रहरी दुसरी. पहिल्या पाटीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. शाळा कधी निघाल्या, शिक्षण सक्तीचे कोणी केले, हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्या पाटीची हकीकत मात्र कोणी फारशी सांगत नाही. कोणी सांगावी? पाच-पन्नास बोरांचा आणि चिंचेच्या चार गोळ्यांचा हिशेब कुठल्या दप्तरात लिहून ठेवलेला असतो!

आज या दुसऱ्या पाटीविषयी बोलायचे आहे. प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. एखाद्या लहान मुलाने रस्त्याच्या कडेला पोते अंथरून थोडासा माल मांडला, तर त्याला कोणाची परवानगी लागते काय? आणि लागत असली, तर ती लागावी काय?

प्रश्न मनात येतो तो आमच्या जळकोटसारख्या गावामुळे. हे जळकोट तुळजापूर तालुक्यातले; लातूर जिल्ह्यात याच नावाचे तालुक्याचे गाव आहे, ते वेगळे. सोलापुराहून हैदराबादेकडे निघाले, की अणदूर, नळदुर्ग ओलांडल्यावर हे गाव लागते. ज्या रस्त्यावर ते आहे, तो पूर्वी नऊ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जाई. आता त्याचा नंबर पासष्ट आहे. रस्त्यावरच्या गावाचे एक वैशिष्ट्य असते. गिऱ्हाईक आपल्या पायाने दाराशी येते. त्यामुळे अशा गावांतल्या पोरांना विकण्याची कला कोणी शिकवावी लागत नाही. मोटार थांबली, की कोण उतरेल आणि कोण नुसतीच काच खाली करील, हे त्यांना चेहऱ्यावरून कळते. तराजू त्यांच्याजवळ नसतो. त्यांचे माप म्हणजे ‘वाटा’. पेरूचा वाटा, बोरांचा वाटा, शेंगांचा वाटा. शेर, पावशेर, पायली, नवटाक ही मापे जाऊन १९५८ पासून किलो आणि लिटर यायला लागले, पण पोरांचा वाटा आहे तिथेच आहे.

आता इतिहासाकडे वळू. बाजारावर सत्ता चालवणाऱ्यांनी विकणाऱ्याला आजवर तीन निरनिराळे प्रश्न विचारले आहेत. पहिला, तू कुठे बसलास? दुसरा, तू काय आणलेस? आणि तिसरा, तू कोण आहेस? पहिला प्रश्न भुईचा, दुसरा मालाचा, तिसरा माणसाचा. कोणत्या काळी कोणता प्रश्न विचारला गेला, यावर पोरांच्या पाटीचे नशीब अवलंबून राहिले.

मालाचा प्रश्न फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. नगराच्या वेशीवर त्याचे ठाणे. माल आला, की त्याची मोजदाद व्हायची आणि शुल्क बसायचे. माल जिथे पिकतो तिथेच तो परस्पर विकू नये, असाही कौटिल्याचा दंडक होता, म्हणजे शुल्क चुकू नये. इतका काटेकोर माणूस; पण त्यानेही लग्नकार्याचा माल, माहेरचा आहेर, यज्ञाचे आणि बाळंतपणाचे साहित्य यांना शुल्कातून मोकळे सोडले होते. घरगुती देवघेव आणि व्यापार यांत फरक करावा लागतो, ही जाण आपल्याकडे अशी दोन हजार वर्षांची आहे. पुढे या मुद्द्याकडे परत यायचे आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

मराठेशाहीत हे तिन्ही प्रश्न कमीअधिक प्रमाणात विचारले जात. मालावर जकात होती, धंद्यावर मोहतर्फा होता आणि बाजारातल्या जागेबद्दल बैठक द्यावी लागे. पेठेची व्यवस्था शेटे-महाजन पाहत. नवी पेठ वसवायची असली, म्हणजे व्यापाऱ्यांना कौल देऊन काही वर्षे कर माफ करीत. कारण बाजार आधी भरला पाहिजे, मगच त्यातून काही वसूल होणार, हे राज्यकर्त्यांना कळत होते. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात १८४४ च्या १९ व्या कायद्याने शहरांतल्या जकाती आणि धंद्यांवरचे जुने कर एकदम रद्द झाले. पण आमचा भाग मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाच्या राज्यात. मध्यंतरी १८५३ ते १८६० एवढी वर्षे नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे होता आणि कादंबरीकार म्हणून ज्याचे नाव झाले, तो मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गास कारभार पाहत होता. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला, तो थेट १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत.

निजामी राजवटीतून मराठवाड्याच्या बाजाराला एक शब्द मिळाला आणि तो अजून आमच्या तोंडी आहे. तो शब्द ‘तहबाजारी’. फारसीत ‘तह’ म्हणजे तळ. बाजाराच्या तळाचे, भुईचे भाडे म्हणजे तहबाजारी. ज्याने जेवढी जागा अडवली, त्याने तेवढे पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. या पद्धतीत बसणारा कोण, कोणाचा, केवढा, ही चौकशी नव्हती. म्हातारी बसली काय आणि दहा वर्षांचे पोर बसले काय, भुईला दोघेही सारखेच. त्यामुळे पावतीच्या बाजारात पोरांना कोणी ‘तू इथे कसा?’ म्हणून विचारले नाही. विचारले ते एवढेच, की पैसे कुठे आहेत.

पण याच मुलखात मालाचा प्रश्न मोठा कडक होता. सोलापूर इंग्रजांचे आणि नळदुर्ग निजामाचे, मधे सरहद्द. त्या सरहद्दीवर निजामाच्या जकात खात्याचे नाके असत. त्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. नाण्यांची तऱ्हाही तशीच. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. सरहद्दीजवळच्या गावात विकायला बसणाऱ्याला हा हिशेब बोटांवर करावा लागत असला पाहिजे. आजच्या मुलांना वहीत सोडवायला देतो तसले त्रैराशिक बाजारातल्या पोराने चिल्लर मोजता मोजता सोडवायचे! हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४७-४८ साली, कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली आणि करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. नाका ही लोकांच्या दृष्टीने जुलमाची खूण झाली होती, हे त्यावरून दिसते. पुढे काही वर्षांत हाली नाणे गेले आणि नाकेही गेले.

विनापरवाना विक्रीची आपल्या देशातली सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र मिठाची. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. त्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर बेकायदा मिठाच्या पुड्या उघड उघड विकल्या गेल्या. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी अशा पुड्या विकल्याचे प्रसिद्धच आहे. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. पण मला येथे सांगायचे आहे ते त्यापुढचे. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. त्यात मिठाचा कायदा रद्द झाला नाही. मात्र जिथे मीठ तयार होते, त्या भागातल्या गावकऱ्यांनी घरच्या वापरापुरते मीठ गोळा करावे आणि आपल्या गावात विकावे, बाहेर व्यापार करू नये, अशी सवलत मिळाली. म्हणजे गावातल्या गावात केलेली लहानशी विक्री हा व्यापार नव्हे, हे इंग्रज सरकारलाही मान्य करावे लागले. कौटिल्याचा माहेरचा आहेर आणि आयर्विनसाहेबांचे गावचे मीठ, दोन्हीच्या मागे विचार एकच आहे.

यानंतर तिसरा प्रश्न येतो, माणसाचा. तो शहरांनी विचारला. शहरात भुई थोडी आणि माणसे फार, तेव्हा नुसती पावती पुरत नाही. कोणी बसावे आणि कोणी बसू नये, हे ठरवावे लागते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात, आज तो ज्या रूपात आहे त्यात, परवान्यावाचून रस्त्यावर माल विकण्यास मनाई आहे आणि तसा माल पूर्वसूचना न देता उचलून नेण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. फेरीवाल्यांच्या संघटनेने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. कायदा कायम राहिला. पण फेरीवाल्यांसाठी जागा आखून द्याव्यात, असे न्यायालयाने सांगितले. त्याच महिन्यात फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हेही त्यांनीच सांगितले. १९८९ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने रस्त्यावर विक्री करणे हा घटनेने दिलेला धंद्याचा हक्क आहे, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात, असा निर्णय दिला. या साऱ्याचा शेवट २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात झाला. तो १ मे २०१४ पासून अमलात आला. त्यात विक्रेत्यांची पाहणी करावी, नगर पथविक्रेता समिती नेमावी आणि पात्र विक्रेत्याला प्रमाणपत्र द्यावे, असे ठरले.

हे प्रमाणपत्र कोणाला मिळते? ज्याचे वय चौदा वर्षे पूर्ण आहे, किंवा राज्य सरकार जे वय ठरवील ते पूर्ण आहे, त्याला. शिवाय उपजीविकेचे दुसरे साधन नाही आणि धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचा माणूस करील, अशी हमी त्याने द्यायची. आता गंमत पाहा. हा कायदा महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायती यांच्यासाठी आहे. नळदुर्गला नगरपरिषद आहे, तेव्हा तिथे तो लागू. जळकोट ग्रामपंचायतीचे गाव. इथे ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा चालतो आणि त्याखाली पंचायतीला आठवडी बाजाराची फी घेता येते. म्हणजे एकाच रस्त्यावरची दोन गावे. एका गावात पोराला विचारतील, ‘तुझे प्रमाणपत्र कुठे?’ आणि दुसऱ्यात विचारतील, ‘पावती फाडलीस का?’ पहिल्या गावात ते पोर वयामुळे बाद, तर दुसऱ्यात ते मोठ्या माणसाच्या बरोबरीचे. लहान मूल म्हणून त्याचा विचार दोन्हीकडे नाही. पाटीत सरबत किंवा भजी असली, तर आणखी एक गाठ आहेच. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखाली २०११ मध्ये जे नियम झाले, त्यांत फिरता विक्रेता आणि तात्पुरता स्टॉलवालाही नोंदणीच्या कक्षेत येतो.

आता पहिल्या पाटीकडे, म्हणजे लिहिण्याच्या पाटीकडे वळतो. कारण तिच्यावाचून या प्रश्नाचा उलगडा होत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सबंध बडोदे संस्थानात लागू केले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया लहान नव्हता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दंड मुलाला नव्हता, पालकाला होता. मुलाने काय विकले, याच्याशी महाराजांना कर्तव्य नव्हते. ते शाळेत आले की नाही, एवढेच त्यांनी विचारले. भाऊराव पाटलांनी तर पुढचे पाऊल टाकले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. हाताचे काम आणि शिक्षण यांत वैर नाही, हे त्यांनी हजारो मुलांकडून सिद्ध करून घेतले. पण त्यांच्या वसतिगृहातल्या मुलाच्या कष्टाचा पैसा त्या मुलाच्याच शिक्षणाला लागत होता, हे विसरून चालणार नाही. आज त्यांचे नाव घेऊन जो पोराला दिवसभर गाड्यावर उभे करतो आणि संध्याकाळी गल्ला आपल्या खिशात घालतो, त्याने हा फरक समजून घ्यावा.

बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास त्याने सरसकट बंदी केली. मात्र एक खिडकी उघडी ठेवली. शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी मूल आपल्या घरच्यांना त्यांच्या धंद्यात मदत करू शकते. काम धोक्याचे नसावे आणि शिक्षणात खंड पडू नये, ही अट. नंतरच्या नियमांत संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत अशी मदत घेऊ नये, असेही आले. म्हणजे कायद्याने आता एक चौथा प्रश्न शोधून काढला आहे. कुठे बसलास, काय आणलेस, कोण आहेस, हे तीन जुने. चौथा असा, की ‘ही वेळ कसली? शाळेची, की शाळा सुटल्यानंतरची?’ मला वाटते, मुलाला विचारण्याजोगा खरा प्रश्न हाच.

हा पेच केवळ आपलाच आहे, असे नाही. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने अकरा वर्षांखालच्या मुलांना रस्त्यावर विक्री करण्यास बंदी केली आणि सोळापर्यंतच्या मुलांना परवाने व बिल्ले देण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रे विकणाऱ्या दहा ते चौदा वयाच्या मुलांना बिल्ला सक्तीचा झाला. तो परवाना गरीब पोरांना रात्री-अपरात्री रस्त्यावर राहावे लागू नये, म्हणून निघाला. शंभर वर्षांनी त्याच अमेरिकेत उलटा प्रकार झाला. सुटीत घरासमोर टेबल मांडून लिंबाचे सरबत विकणाऱ्या मुलांकडे अधिकारी परवाना मागू लागले आणि लोक संतापले. तेव्हा युटा राज्याने २०१७ मध्ये व टेक्सासने २०१९ मध्ये कायदे करून मुलांच्या अशा अधूनमधूनच्या विक्रीला परवान्यातून सोडवले. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबरच आहेत, कारण मुले निराळी होती. एक पोट भरण्यासाठी विकत होते, दुसरे हौसेसाठी.

आपल्याकडेही ही दोन मुले आहेत. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांतून बालआनंद मेळावा भरतो. मुले मेथीच्या जुड्या, भेळ, लिंबे, वाटाणे घेऊन बसतात. आईबाप आणि गुरुजी कौतुकाने विकत घेतात. मुलांना नफा-तोटा कळतो, बोलण्याची भीड मोडते. तिथे पावती नाही आणि परवानाही नाही. मग तेच मूल तीच जुडी घेऊन दुसऱ्या दिवशी बाजारात बसले, की ते एकदम गुन्हेगार किंवा करदाते कसे होते? दुसऱ्या बाजूने पाहावे, तर बाजाराच्या वारी वर्गात हजेरी रोडावते, हे खेड्यातल्या प्रत्येक गुरुजीला ठाऊक आहे. कोरडवाहू मुलूख, पावसाचा भरवसा नाही. अशा घरात पोराच्या पाटीतले चाळीस-पन्नास रुपये मीठमिरचीला कामी येतात. त्या घरातल्या आईला बालहक्कांवर व्याख्यान देऊन भागत नाही. ती म्हणेल, “मास्तर, तुमचं खरं हाय, पर सांजच्याला चूल पेटवायची कशी?” या प्रश्नाचे उत्तर नगर समितीचे प्रमाणपत्र देऊ शकत नाही आणि पावतीही देऊ शकत नाही.

तेव्हा करावे काय? माझ्या मते लहान मुलाला विक्रीचा परवाना असूच नये. परवाना दिला, म्हणजे त्याला विक्रेता ठरवले. आणि त्याला विक्रेता ठरवण्याची घाई कोणी करू नये. परंतु परवाना नाही, म्हणून त्याची पाटी उधळून टाकण्याचा अधिकारही कोणाला असू नये. शाळेच्या वेळात मूल बाजारात दिसले, तर विचारणा त्याला नव्हे, घरच्या मोठ्या माणसाला व्हावी. शाहू महाराजांनी दंड पालकाला ठेवला, त्यातले शहाणपण तेच. आणि त्या विचारणेबरोबर शिष्यवृत्ती, वसतिगृह, रोजगार हमीचे काम यांपैकी त्या घराला काय मिळू शकते, तेही कोणीतरी समोर बसून सांगावे.

शाळेबाहेरच्या वेळात गावातच डोक्यावरची एक पाटी घेऊन बसलेल्या मुलाकडून मात्र एक पैसाही घेऊ नये. हे काम दिल्लीला जाऊन करायचे नाही. पुष्कळ गावांत बाजारफी वसूल करण्याच्या ठेक्याचा हर्रास होतो. ठेकेदाराने बोली बोलून पैसे भरलेले असतात. ते वसूल करण्यासाठी तो दिसेल त्या पाटीची पावती फाडणार, हे उघड आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हर्राशीच्या अटी लिहिताना ग्रामसभेने त्यांत एक ओळ वाढवून घ्यावी, की शाळकरी मुलाच्या एका पाटीला फी नाही. एवढी ओळ लिहिली, तर पंचायतीचे उत्पन्न बुडणार नाही. कौटिल्याने माहेरचा आहेर सोडला, मिठाच्या करारात गावचे मीठ सुटले. आपल्या बाजारातून पोरांची एक पाटी सुटायला हरकत कसली? जळकोटची ग्रामसभा असो की आणखी कुठली, पुढच्या हर्राशीआधी हा विषय एकदा चर्चेला घ्यावा, एवढीच विनंती.